कळ थांबते, दाह थांबतो का?

नव्या जागी गेलं की आधी संडास कुठे आहे ते बघायचं आणि मगच बाकीच्या गोष्टींकडे वळायचं, ही सवय क्रोन्सच्या आजाराने मला लावली. सभागृहात दाराजवळची खुर्ची, प्रवासात कडेची जागा, बाहेर पडायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पोट रिकामं. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे त्यांचंही वेळापत्रक याहून फार निराळं नसतं. आणि आम्हा सगळ्यांच्या कानावर कधी ना कधी एक वाक्य येतंच: "अगं, गांजाचं तेल घेऊन बघितलंस का? माझ्या ओळखीत एकाला फार फरक पडला."

पूर्वी असं काही कानावर आलं की मी हसून विषय बदलायचे. आता हसत नाही. ‘फरक पडला’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. फरक नेमका कशात पडला, एवढंच विचारायचं राहून जातं.

आधी आजाराबद्दल थोडं. दोन्ही दुखणी एकाच घराण्यातली. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते आणि तिथला दाह विझायचं नाव घेत नाही. कोलायटिसमध्ये तो मोठ्या आतड्यापुरता, तिथेही आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले मधले तुकडे सोडून, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. म्हणून क्रोन्समध्ये आतडं आकसून अरुंद होतं, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात किंवा थेट कातडीपर्यंत नळीसारखी वाट फुटते. १९३२ साली बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी मिळून या आजाराचं वर्णन छापलं. नाव एकट्या क्रोनचं राहिलं.

औषधं आहेत, आणि ती चांगली आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते. सौम्य कोलायटिसला मेसालामाइन, आजार उसळला की स्टेरॉइड, मग प्रतिकारशक्ती आवरणारं अॅझाथायोप्रिन, त्यापुढे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली, इंजेक्शनं. त्यातलं पहिलं, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झालं आणि तिथून या आजाराचं चित्र पालटलं. पण ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि ज्यांना पडतात त्यांना कायमची पुरतीलच असंही नाही. स्टेरॉइडने तोंड सुजतं, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. शिवाय औषध लागू पडल्यावरही काही गोष्टी मागे राहतात: बेंबीभोवती पिळवटून येणारी कळ, अन्नावरची वासना उडणं, आणि असा थकवा की दुपारी जिना चढायचा म्हटलं तरी मनाची तयारी करावी लागते. गांजा शिरतो तो इथे, औषधाने भरून न निघालेल्या या जागेत.

तसा तो पोटाला नवखा नाही. आयुर्वेदाच्या निघंटूंनी, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांनी, भांगेला ग्राही म्हटलं आहे, म्हणजे मल बांधून ठेवणारी. पाचकही म्हटलं आहे. तिथेच ती मोह आणि मद वाढवते हेही नोंदवून ठेवलं आहे. हल्लीच्या जाहिराती पहिला अर्धा भाग तेवढा उचलतात. विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली कोलकात्यात या वनस्पतीवरचे आपले प्रयोग मांडले. धनुर्वात, संधिवात आणि पिसाळलेला कुत्रा चावल्यावर होणाऱ्या रोगाबरोबर पटकीच्या रुग्णांनाही त्याने तिचा अर्क दिला होता. जुलाब होणाऱ्या माणसाला हे द्यावं असं पुन्हा पुन्हा कुणाला तरी का वाटलं असेल, याचं उत्तर मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना उलगडली. त्याच्या जोडीचा पण नशा न आणणारा घटक म्हणजे सीबीडी. हे रेणू शरीरात कुठे जाऊन बसतात ते पुढे कळलं: सीबी-१ या ग्राहकाचा (ग्राहक म्हणजे पेशीवरची अशा रेणूंची बसायची जागा) जनुक १९९० मध्ये हाती आला, सीबी-२ चा १९९३ मध्ये. मधल्या काळात, १९९२ मध्ये, आपलं शरीर स्वतःच अशा जातीचा एक रेणू बनवतं हेही सापडलं. सीबी-१ मेंदूत भरपूर असतो, पण आतड्याच्या भिंतीत जे मज्जातंतूंचं जाळं पसरलेलं असतं त्यातही असतो. तिथे तो सक्रिय झाला की आतड्याला आकुंचन पावायला सांगणारा निरोप अडतो, हालचाल मंदावते, आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं. जुलाब आणि मुरडा का थांबतो, ते यात आलं. सीबी-२ ची गोष्ट वेगळी, तो मुख्यतः प्रतिकारपेशींवर असतो.

प्रयोगशाळेत हे सगळं फार आशादायक दिसतं. ज्या उंदरांमध्ये सीबी-१ मुळातच नाही, त्यांच्या आतड्याला रसायनाने दाह आणला तर तो जास्त भडकतो, असं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. २०१८ मध्ये आणखी एक धागा हाती लागला: आतड्याच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजातल्या घटकांच्या जातीचे, रेणू आतल्या पोकळीच्या बाजूला सोडतात आणि त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची चढाई रोखली जाते. म्हणजे दाह आवरायची यंत्रणा शरीरात आधीपासूनच आहे आणि ती याच भाषेत बोलते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, आता फक्त औषधाच्या दुकानापर्यंत पोचायचं काय ते बाकी आहे. पण उंदीर बरा करणं सोपं असतं. या आजारात उंदरांवर चाललेली आणि माणसांवर फसलेली औषधं थोडीथोडकी नाहीत.

माणसांवरचा पहिला नीट प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलमध्येच, टिमना नफ्ताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. क्रोन्सचे २१ रुग्ण, नेहमीच्या औषधांना दाद न दिलेले. त्यांना आठ आठवडे, दिवसातून दोनदा, सिगारेट ओढायला दिली. काहींच्या सिगारेटमध्ये ११५ मिलिग्रॅम टीएचसी असलेला गांजा, तर काहींच्या सिगारेटमध्ये टीएचसी काढून टाकलेली गांजाचीच फुलं. गांजावाल्या ११ जणांपैकी १० जणांचा आजाराचा गुणांक (जितका कमी तितकं बरं) चांगला शंभराहून अधिक गुणांनी उतरला. दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांचा. गांजावाल्यांपैकी तिघांचं स्टेरॉइड सुटलं. आजार पूर्ण आटोक्यात आला असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल ते ११ पैकी ५, आणि दुसरीकडे १० पैकी १. ऐकायला हा फरक मोठा वाटतो, पण इतक्या थोड्या माणसांत तो योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संख्याशास्त्र तो मान्य करत नाही.

आता हा गुणांक कसा काढतात ते बघण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथे आहे. रुग्णाने सात दिवस एक डायरी भरायची. रोज किती वेळा पातळ झालं. पोट किती दुखलं, ० ते ३. एकंदर कसं वाटतंय, ० ते ४, म्हणजे शून्याला छान आणि चाराला अगदी असह्य. मग त्यात वजन, रक्ताचा दाटपणा, सांध्यांची वगैरे दुखणी मिळवायची, प्रत्येकाला ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि बेरीज करायची. ही डायरी मीही भरली आहे, आणि रात्री दहाला पेन हातात घेऊन आजचं दुखणं दोनाचं होतं की तिनाचं, हा विचार करत बसले आहे. पातळ होणं, दुखणं आणि ‘कसं वाटतंय’, बेरजेतले हे तीन मोठे रकाने. गांजा नेमका या तिन्हींवर काम करतो. आतड्याची हालचाल मंदावतो, वेदना बोथट करतो, आणि ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर तर तो बदलणारच!

गंमत म्हणजे हा धोका गुणांक बनवणाऱ्यांना ठाऊक होता. जुलाब थांबवायला रुग्ण लोमोटिल किंवा अफूच्या जातीचं औषध घेत असेल तर त्याच्या खात्यात वर ३० गुण चढवायचे, असा नियमच आहे. म्हणजे औषधाने झाकलेला आजार हिशेबातून निसटू नये. गांजासाठी असा रकाना नाही.

म्हणून पुढच्या प्रयोगांत मी आधी गुणांक वाचत नाही. आधी रक्तातलं सीआरपी बघते, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन बघते (दोन्ही दाह किती आहे ते सांगणारे आकडे), आणि कोलोनोस्कोपीत काय दिसलं ते शोधते. २०२१ मध्ये नफ्ताली आणि सहकाऱ्यांचाच, क्रोन्सच्या ५६ रुग्णांवरचा प्रयोग आला. या वेळी धूर नव्हता. सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी असं तेल तोंडावाटे, आठ आठवडे. गुणांक पुन्हा उतरला, जगण्याचा दर्जा सुधारला. पण दाहाच्या खुणा आणि दुर्बिणीतून दिसणारे व्रण, दोन्ही गटांत फरक नाही. त्याच वर्षी कोलायटिसच्या ३२ रुग्णांवर टीएचसीच्या सिगारेटचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचाही सूर हाच: माणसं सुधारली, दाहाचे आकडे फारसे हलले नाहीत. नुसतं सीबीडी, दहा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, क्रोन्सच्या रुग्णांना दिलं होतं. २०१७ च्या त्या प्रयोगात त्याने अपायही केला नाही आणि उपयोगही झाला नाही. कोलायटिसमध्ये सीबीडीबहुल अर्काच्या कॅप्सूल दिल्या तेव्हा आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. वैद्यकीय प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र ठेवून पाहिले, तर क्रोन्सचे मिळून ९३ आणि कोलायटिसचे ९२ रुग्ण भरले. एवढ्यावर काही ठाम सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? शिवाय ज्याला टीएचसी मिळालं त्याला ते बहुधा कळतंच, त्यामुळे कोणाला खरं आणि कोणाला खोटं हे झाकून ठेवायची तऱ्हाच इथे लंगडी पडते.

मी हे सगळं वाचून डॉक्टरांना विचारलं होतं. ते रागावले नाहीत, उडवूनही लावलं नाही. संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माझ्याच जुन्या कोलोनोस्कोपीचा एक फोटो काढून दाखवला. लहान आतड्याच्या टोकाशी ओलसर गुलाबी अस्तरात लांबट खाचा पडलेल्या, तळाला पिवळट पांढरा थर, आणि दोन खाचांच्या मध्ये अस्तर गोट्यांसारखं वर आलेलं. "हे बघा. हा फोटो काढला त्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं, की अगदी छान चाललंय." मी गप्प. "तुमच्या पोटाचं आणि आतड्याचं आधीच एकमेकांशी बोलणं नाही. त्यात आणखी एक मध्यस्थ कशाला घालता?"

त्यांचं म्हणणं मला पटलं, तरी पुरतं पटलं नाही. कारण दुखणं ही काही खोटी गोष्ट नव्हे. आतड्याच्या या आजारात वेदनेवर घ्यायला फार थोडं असतं. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं आतड्याला डिवचतात, म्हणून टाळायची. अफूच्या जातीची औषधं सवय लावतात, आतडं थिजवतात, आणि क्रोन्सच्या रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीत त्यांचा वापर गंभीर जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांच्याशी जोडलेला आढळला आहे. उरतं पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. अशा वेळी एखाद्याला गांजाच्या तेलाने रात्रीची झोप मिळत असेल, चार घास जास्त जात असतील, तर ‘दाह कमी झालाय का ते सांग’ असं त्याला बजावणाऱ्याने एक रात्र त्या पोटासह काढून बघावी. वेदनेवरचं औषध म्हणून गांजाचा विचार करणं मला मुळीच मूर्खपणाचं वाटत नाही. आजारावरचं औषध म्हणून त्याची जाहिरात करणं वाटतं.

या दोन गोष्टींची गल्लत कुठे नेते, याची एक नोंद माझ्या मनातून जात नाही. कॅनडातल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. गांजा घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कळा आणि जुलाब कमी झाल्याचं सांगितलं. मात्र क्रोन्सच्या ज्या रुग्णांनी तो सहा महिन्यांहून अधिक काळ घेतला होता, त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची शक्यता सुमारे पाचपट दिसली. याचा अर्थ गांजाने आतडं बिघडवलं असा लगेच लावता येत नाही. ज्यांचा आजार जास्त, तेच आराम शोधत तिकडे गेले असतील, हेही तितकंच संभवतं. पण तिसरीही एक शक्यता आहे आणि मला तीच जास्त भेडसावते. कळ थांबली म्हणून माणूस तपासणी पुढे ढकलतो, इंजेक्शनची तारीख चुकवतो, ‘आता बरं आहे की’ म्हणतो, आणि आतडं आत आकसत जातं. एकदा व्रणाची जागा घट्ट होऊन वाट अरुंद झाली की ती कुठल्याही तेलाने परत मोकळी होत नाही.

बाकीचे धोके मी भराभर सांगते. हा आजार पुष्कळदा पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, आणि पंचविशीच्या आधी, मेंदू घडत असताना, टीएचसी नियमित घेणं मनाच्या आजारांच्या दृष्टीने वाईट. घरात कुणाला असा आजार असेल तर अधिकच. गरोदरपणात नकोच. तंबाखूत मिसळून ओढला तर तंबाखूने क्रोन्स चिघळतो, म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांपैकी काहींना गांजानेच उलट्यांची आवर्तनं सुरू होतात. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. अशा माणसांना कढत पाण्याने आंघोळ केल्यावरच बरं वाटतं, ही त्यातली विचित्र खूण. पोटाच्या रुग्णाला उलट्या झाल्या की सगळे क्रोन्सला दोष देतात, हे वेगळं सांगायला नको. सीबीडी निरुपद्रवी म्हणून विकलं जातं, पण ते यकृतातली औषधं पचवणारी विकरं अडवतं. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी त्यामुळे चढते. मोठ्या मात्रेत ते यकृताच्या तपासणीचे आकडेही बिघडवतं, आणि अॅझाथायोप्रिन घेणाऱ्याचं यकृत आधीच पहाऱ्याखाली असतं.

शिवाय बाटलीत काय आहे हाही प्रश्नच. अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या सीबीडीच्या ८४ बाटल्या-डब्या तपासल्या गेल्या, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी फक्त २६ मध्ये निघालं, आणि १८ मध्ये टीएचसीही सापडलं. प्रयोगात नेमक्या मात्रेत दिलेलं तेल आणि ओळखीच्या कुणीतरी आणून दिलेली बाटली, या एकच वस्तू नव्हेत.

कायद्याचं तर देशागणिक निराळंच. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढलं. त्याने कुणालाही आपोआप परवानगी मिळाली नाही, पण संशोधनाची वाट थोडी रुंदावली. या वनस्पतीतून आलेलं एक औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, ते लहान मुलांना होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांवर. मला हवा तो प्रयोग आठ आठवड्यांचा नाही. वर्षभर चालणारा, मात्रा ठरलेली, धुराशिवाय, नेहमीची औषधं चालू ठेवून, आणि शेवटी यशाचा निवाडा डायरीने नव्हे तर दुर्बिणीने करणारा. तोवर मी माझं इंजेक्शन वेळेवर घेते आणि गांजा घेत नाही. घेणाऱ्याला नावंही ठेवत नाही.

जे घेतात त्यांना मात्र एक सांगायचं आहे, आणि ते अगदी व्यवहाराचं आहे. आम्हा लोकांची कोलोनोस्कोपी वारंवार होते आणि प्रत्येक वेळी गुंगीचं औषध दिलं जातं. कोलोराडोत एंडोस्कोपी झालेल्या २५० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा नियमित गांजा घेणाऱ्यांना प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध इतरांच्या दुपटीहून अधिक द्यावं लागलं होतं. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस मधेच जागा होतो, किंवा घाईत मात्रा वाढवताना श्वासाला धोका होतो. तपासणीपूर्वीच्या कागदावर तंबाखू आणि दारूचे रकाने असतात, याचा बहुधा नसतो, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेवढं बाजूला बोलावून सांगावं: किती घेता, शेवटचं कधी घेतलं, धूर की तेल.